तोंडी सांगितलेलं काम आणि अडकलेलं बिल

यावेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी सरकारी कामं करणाऱ्या लहान माणसांची आहेत. कुणी ठेकेदार, कुणी ११ महिन्यांच्या ऑर्डरवर सल्लागार. नोकरी सरकारची नाही पण पोट मात्र सरकारच्या बिलावर, अशी ही मंडळी. मी स्वतः १९ वर्षं छोटी सरकारी बांधकामं केली आहेत त्यामुळे ही पत्रं वाचताना घशात काहीतरी अडकतं, खरंच सांगतो. चार पत्रं घेतोय, पहिल्याला जागा जास्त लागेल.

प्रश्न : नमस्कार सर, मी डिप्लोमा सिव्हिल, सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी आहे. लॉटरीत जिल्हा परिषदेचं काम लागलं, गावातला काँक्रीट रस्ता आणि बाजूला गटार, साडेनऊ लाखांचं. काम चालू असताना सरपंच म्हणाले गटार मारुतीच्या देवळापर्यंत न्या नाहीतर सगळं पाणी लोकांच्या दारात येतंय, शाखा अभियंता साहेब तिथंच उभे होते, ते म्हणाले करून टाका, ॲडजस्ट करू. मी ६० मीटर जास्त केलं. आता साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेब म्हणतात एमबीत (मोजमाप पुस्तकात) आहे तेवढंच खरं. आणि जे एमबीत आहे त्याचं बिल पण १४ महिने झाले निघालेलं नाही, विचारलं की निधी आला की बघू. सिमेंटवाल्याची उधारी आहे, बायकोचं सोनं गहाण आहे. एक मित्र म्हणतो तुझं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे ना, मग एमएसएमईच्या, म्हणजे लहान उद्योगांच्या कायद्यात केस टाक, व्याजासकट पैसे मिळतात. खरं आहे का? कोर्टात जावं का? भीती अशी की पुढे मला काम कोण देणार. (एक वाचक, जि. धाराशिव)

उत्तर : भाऊ, आधी तुमच्या पैशाचे दोन ढीग वेगळे करा, कारण तुम्ही दोन्ही एकाच श्वासात सांगताय आणि ऑफिसात पण तसंच सांगत असणार, मग समोरच्याला सोयीचं उत्तर देता येतं. एक ढीग एमबीत चढलेल्या कामाचा. दुसरा त्या ६० मीटरचा.

पहिल्या ढिगाबद्दल भांडणच नाहीये, मोजमाप घेतलंय, सही झालीय, फक्त पैसे नाहीत. इथे तुमचं काम एवढंच की हे लेखी आलं पाहिजे. कार्यकारी अभियंत्यांच्या नावाने साधं पत्र द्या, काम पूर्ण झाल्याची तारीख, एमबी नंबर, पान नंबर, रक्कम, आणि शेवटी एकच वाक्य की हे देयक कधी अदा होईल ते लेखी कळवावं. आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, नंबर, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर बहुतेक वेळा असं येतं, ‘निधी उपलब्ध होताच आपले देयक अदा करण्यात येईल’. वाचून राग येतो पण ते पत्र जपून ठेवा. मुदतीच्या कायद्यात केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायला ३ वर्षं असतात आणि ती मुदत संपायच्या आत समोरच्याने सही करून देणं मान्य केलं तर तिथून पुढे पुन्हा ३ वर्षं मोजली जातात. तोंडी ‘देतो हो, देतो’ ला ही किंमत नाही. तुमचे १४ महिने गेलेत, म्हणजे अजून वेळ आहे, पण मी अशी माणसं बघितली आहेत जी साहेब चांगले आहेत म्हणून साडेतीन वर्षं चहा पीत बसली आणि मग वकील म्हणाला उशीर झाला.

पत्राला उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार. १० रुपये आणि ३० दिवस. प्रश्न विचारत बसू नका, कागद मागा. एमबीच्या पानांची प्रमाणित प्रत, बिल कुठल्या टेबलावर कधी गेलं त्या टिपणीची प्रत, आणि त्या लेखाशीर्षावर (ज्या सरकारी खात्यातून या कामाचे पैसे येतात त्यावर) या वर्षी किती निधी आला आणि कुणाकुणाची बिलं निघाली त्याची यादी. ही शेवटची यादी फार बोलकी असते. तुमच्यानंतर पूर्ण झालेल्या कामाचं बिल तुमच्या आधी निघालेलं दिसलं तर मग निधी नाही या उत्तरात दम राहत नाही.

आता ते ६० मीटर. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण माझे स्वतःचे पैसे असेच गेलेत. २००९ मध्ये एका ऑफिसच्या कामात मला संरक्षक भिंत वाढवायला सांगितली, सांगणारा माणूस वाईट नव्हता, गरज पण खरी होती, पावसाआधी भिंत झाली नसती तर शाळेचं पटांगण खचलं असतं. मी केली. कागद घेतला नाही. एक रुपया मिळाला नाही, आणि दोन वर्षांनी त्याच भिंतीपुढे झेंडावंदन झालेलं बघून मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

तुमचा करार बी-१ फॉर्मवर (सरकारी ठेक्याच्या छापील नमुन्यावर) असेल तर तो आज बाहेर काढा आणि क्लॉज १४ आणि क्लॉज ३८ वाचा. वाढीव आणि जादा बाबींचं सगळं तिथे आहे. टेंडरमधलीच बाब पण मात्रा वाढली, तर २५ टक्क्यांपर्यंतची वाढ टेंडरच्याच दराने, त्याच्या पलीकडची साधारण शासनाच्या दरसूचीप्रमाणे, असा हिशोब असतो. म्हणजे गटार मूळ २४० मीटर असेल तर तुमचे ६० मीटर बरोबर २५ टक्क्यांत बसतात आणि मग ही नवीन बाब नाहीच, फक्त वाढलेली मात्रा आहे, आणि नवीन साहेबांना पण ती मांडणं तुलनेनं सोपं जातं. मूळ गटारच १०० मीटर असेल तर गोष्ट वेगळी, मग वरची मंजुरी लागणार. त्यामुळे आधी हा आकडा काढा.

मग पत्र. बदली झालेल्या साहेबांवर आरोप करू नका, त्याने काही हाती लागत नाही. एवढंच लिहा की अमुक तारखेला जागेवर शाखा अभियंता आणि सरपंच हजर असताना दिलेल्या सूचनेप्रमाणे एवढं काम केलेलं आहे, ते आजही वापरात आहे, संयुक्त मोजणी करून नोंद घ्यावी. सोबत फोटो लावा, तारीख आणि जीपीएस दिसणारे असतील तर उत्तम. ग्रामपंचायतीचा दाखला घ्या की गटार वापरात आहे आणि गावाचा फायदा झाला. सरपंचांना हा दाखला देणं भाग आहे असं नाही, पण देवळापर्यंत न्या असं म्हणणारे तेच होते, तेव्हा घरी जाऊन मागा. त्या दिवसाचे व्हॉट्सॲप मेसेज, काँक्रीटच्या गाडीची चलनं, काही टाकू नका.

कायदा इथे पूर्ण उघड्यावर सोडत नाही. करार कायदा १८७२ चं कलम ७० सांगतं की कुणी फुकट करायच्या इराद्याने नाही अशा रीतीने दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला तर भरपाई द्यावी लागते. १९६१ च्या अखेरीला सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या खटल्यात हे सरकारला पण लावलं. तिथेही असंच होतं, खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, माणसाने गोदामं वगैरे बांधून दिली, सरकारने वापरली आणि मग म्हणाले रीतसर करारच झाला नव्हता. कोर्ट म्हणालं वापरलंत ना, मग भरपाई द्या. पण एक गोष्ट लपवणार नाही, तुमचा मूळ करार आहे आणि त्यात ‘लेखी आदेशाशिवाय जादा काम नाही’ असं छापलेलं असेल तर समोरचा वकील तेच वाक्य पुढे करणार, कारण करार असताना कलम ७० ला जागा कमी उरते. म्हणून कोर्ट शेवटी, संयुक्त मोजणी आधी.

एमएसएमईचं. तुमचा मित्र अर्धं बरोबर सांगतो. २००६ च्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण महिन्याच्या चक्रवाढीने, आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज टाकता येतो. पण हे माल पुरवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. बांधकामाचा ठेका म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून जास्त वेळा म्हटलंय. म्हणजे तुम्ही तिथे वर्ष घालवाल आणि शेवटी ‘आमच्या कक्षेत नाही’ असं ऐकाल. ज्या वाचकांचं काम संगणक दुरुस्ती, साफसफाई, छपाई, सॉफ्टवेअर असं आहे त्यांनी मात्र हे हत्यार जरूर वापरा.

कोर्टाचं म्हणाल तर मान्य झालेल्या बिलासाठी, म्हणजे पहिल्या ढिगासाठी, उच्च न्यायालयात रिट करता येते, रक्कम वादात नसेल तर कोर्ट ठराविक मुदतीत निर्णय घ्या, पैसे द्या असे आदेश देऊ शकतं. मोजमापाचाच वाद असेल तर दिवाणी दावा, आणि त्याआधी नोटीस. राज्य शासनाला दोन महिन्यांची, जिल्हा परिषदेला तिच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे. नोटीस चुकली म्हणून दावे पडलेले आहेत त्यामुळे वकील असा धरा ज्याने ही कामं केलेली आहेत, जमिनीच्या वाटणीवाला नको.

आणि ती भीती, पुढे काम कोण देणार. समजते मला. पण लेखी पत्र देणं म्हणजे भांडण नव्हे. मी २००९ नंतर प्रत्येक तोंडी सूचनेला त्याच संध्याकाळी दोन ओळींचं पत्र द्यायला लागलो, ‘आज जागेवर दिलेल्या सूचनेप्रमाणे काम सुरू करत आहे, कृपया आदेश व्हावेत’, आणि मला त्यानंतर पण कामं मिळाली. उलट काही अभियंते म्हणायचे बरं झालं दिलंत, आम्हाला पण वर दाखवायला कागद लागतो. २०२५ मध्ये कंत्राटदार संघटनांनी राज्यातली थकबाकी ८९ हजार कोटींच्या घरात असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात, आणि सोनं गहाण पडलंय यात तुमची चूक नाही. सिमेंटवाल्याला पण खरी परिस्थिती सांगा, एमबीची प्रत दाखवा, थोडे थोडे द्या. घरात सांगा. रात्री एकट्याने हिशोब करत बसू नका.

प्रश्न : पहिलंच सरकारी बिल निघालं पण खात्यात आलेले पैसे बघून धक्का बसला, एवढं कापतात? यात माझं काय उरलं? टेंडर भरताना कुणी सांगितलंच नाही. (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : सगळं गेलेलं नाही, घाबरू नका. समजा काम १० लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी, बिल ११ लाख ८० हजार. त्यातून इन्कम टॅक्सचा टीडीएस, तुम्ही एकट्याच्या नावावर असाल तर १ टक्का, १० हजार. जीएसटीचा टीडीएस २ टक्के, २० हजार, करार अडीच लाखांच्या वर असला की हा लागतोच. कामगार कल्याण उपकर १ टक्का, १० हजार. सुरक्षा अनामत तुमच्या टेंडरमध्ये असेल ती, समजा ४ टक्के, ४० हजार. हातात ११ लाख. आता बघा, पहिले १० हजार रिटर्नमध्ये तुमच्या नावावर जमा दिसतात. ४० हजार दोष दायित्वाचा काळ (काम झाल्यावर दुरुस्तीची जबाबदारी तुमच्यावर असते तो काळ) संपला की परत, फक्त मागावे लागतात, आपोआप कुणी देत नाही, तारीख लिहून ठेवा. खरे गेले ते उपकराचे १० हजार.

जीएसटीच्या २० हजारात मात्र बरेच जण फसतात. ते तुमच्या जीएसटी पोर्टलवरच्या खात्यात, कॅश लेजरला, येतात पण पोर्टलवर जाऊन ‘टीडीएस क्रेडिट रिसीव्हड’ मध्ये ते स्वीकारावे लागतात, ऑफिसने त्यांचं रिटर्न भरलेलं असावं लागतं, दोन्ही झाल्याशिवाय पैसे हवेतच लटकलेले. तुमच्या टॅक्सवाल्याला आजच विचारा, या बिलाचं राहिलंय का ते. आणि हातात आलेले ११ लाख सगळे तुमचे समजू नका, त्यात जीएसटी भरायचाय, सिमेंट-स्टीलच्या पक्क्या बिलांवरचं क्रेडिट वजा करून. कच्च्या बिलावर स्वस्त माल घेतला की इथे मार बसतो.

खडी-वाळूची रॉयल्टी वेगळी कापली असेल तर ती ई-टीपी (गाडीचा ऑनलाइन वाहतूक पास) नसल्यामुळे. क्रशरवाल्याकडून प्रत्येक गाडीचा पास घ्या आणि बिलासोबत लावा.

पुढचं टेंडर भरताना ही सगळी बेरीज आधी करा आणि मग ठरवा किती बिलो, म्हणजे अंदाजपत्रकी रकमेच्या किती टक्के खाली, जायचं. २५ टक्के, ३० टक्के बिलो भरणारी मुलं बघितली की जीव तुटतो, त्यात वरून अतिरिक्त अनामत पण भरावी लागते, म्हणजे कमी पैशात काम आणि जास्त पैसे अडकलेले.

प्रश्न : माझ्याकडे नोंदणी नाही, नात्यातल्या एका मोठ्या ठेकेदाराच्या लायसनवर कामं करतो. काम, मजूर, पैसा सगळं माझं, ते २ टक्के घेतात. यात धोका आहे का? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. सरकारच्या कागदावर तुम्ही नाहीच. वर्क ऑर्डर त्यांच्या नावाची, बिल त्यांच्या खात्यात, अनामत त्यांची. उद्या बिल अडकलं आणि तुम्ही मंत्रालयापर्यंत गेलात तरी उत्तर येईल की या नावाचा कुणी ठेकेदार आमच्याकडे नाही, आणि ते उत्तर कागदाप्रमाणे खरं असेल. परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देणं करारात मनाईचं असतं त्यामुळे तुम्ही कोर्टात पण मोकळेपणाने बोलू शकत नाही. नातेवाईक आज चांगले आहेत, पण उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर वारस तुमचा हिशोब मानतील का.

तुम्ही पदवी किंवा डिप्लोमा सिव्हिल असाल तर बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करा. लहान कामांत ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्यासाठी अशी वाटणी आहे ती यासाठीच. शिक्षण त्यातलं नसेल तर खुल्या गटात सर्वात खालच्या वर्गापासून नोंदणी, किंवा त्याच नातेवाईकांबरोबर रीतसर भागीदारी फर्म. तोवर चालू कामाचा दोघांत स्टॅम्पपेपरवर हिशोब करून ठेवा आणि मालाचे पैसे शक्य तेवढे बँकेतून द्या.

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत चार वर्षं सल्लागार आहे, दर ११ महिन्यांनी एक दिवसाचा खंड आणि नवीन ऑर्डर. ऑर्डरमध्ये ‘स्वतंत्र सल्लागार, कर्मचारी नाही’ असं लिहिलंय पण मी सकाळी पावणेदहाला थंब लावते, संध्याकाळी सव्वासहाला सुटते, सुट्टीचा अर्ज द्यावा लागतो. मानधनातून १० टक्के टीडीएस कापतात. आता मला पाचवा महिना चालू आहे आणि ऑर्डर आठव्या महिन्यात संपते. साहेब म्हणाले तुम्हाला रजा लागू नाही, बाळ झालं की बघू. मी काय करू? (एक वाचक, जि. नाशिक)

उत्तर : ताई, आधी अभिनंदन, आणि ‘बाळ झालं की बघू’ यावर विसंबू नका.

ऑर्डरवर काय छापलंय एवढ्यावर हे ठरत नाही. काम कसं करायचं, किती वाजता यायचं, कुणाला विचारून जायचं हे समोरचा ठरवत असेल तर तो मालक, हे सुप्रीम कोर्ट १९५६ पासून सांगत आलंय. खराखुरा स्वतंत्र सल्लागार थंब लावत नाही, तो रिपोर्ट देतो आणि बिल देतो. म्हणून तुमची हजेरीची नोंद, रजेचे मंजूर अर्ज, साहेबांनी दिलेली लेखी कामं या सगळ्याच्या प्रती आत्ताच घरी आणून ठेवा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहू देऊ नका.

मातृत्व रजेसाठी मात्र तुम्हाला कायम असण्याची गरजच नाही. २००० साली सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या, हजेरीपटावरच्या बायकांना हा लाभ दिला, रस्त्यांच्या कामावर चर खोदणाऱ्या बायकांना, तर तुम्हाला का नाही. आणि ऑर्डर मध्येच संपते त्याचं उत्तर १७ ऑगस्ट २०२३ च्या निकालात आहे. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरला करार संपतोय म्हणून फक्त ११ दिवसांची रजा दिली होती, कोर्ट म्हणालं की लाभ कराराच्या तारखेच्या पुढेही जातो, पूर्ण द्या. प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की २६ आठवडे, पहिल्या दोन मुलांसाठी. १९६१ चा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय पण हे आकडे तेच आहेत.

कायम होण्याचा विषय यात मिसळू नका. तो रस्ता लांबचा आहे, २००६ च्या उमादेवी निकालाने तो बराच अरुंद केला, डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालाने थोडा उघडला, पण त्यात नेमणूक कशी झाली, जाहिरात होती का, किती वर्षं झाली हे सगळं येतं. चार वर्षांवर मी तुम्हाला आशा लावणार नाही, फक्त सगळ्या ऑर्डर फाईलला लावून ठेवा, ते एक दिवसाचे खंड पण.

१० टक्के टीडीएस म्हणजे तुमचा टॅक्स तेवढा असं नाही. रिटर्न भरा, उत्पन्न मर्यादेत असेल तर परत मिळतो, आणि गेल्या वर्षांचे २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) उघडून बघा ऑफिसने कापलेला सगळा भरलाय का.

आता अर्ज. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, डॉक्टरांचं प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचं सर्टिफिकेट जोडून, कुठल्या तारखेपासून रजा हवी ते लिहून. प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. रजेच्या दोन्ही निकालांचा (२००० आणि २०२३ च्या) उल्लेख एका ओळीत करा, आवाज चढवू नका. पाचवा महिना आहे, पुढच्या आठवड्यातच द्या, म्हणजे नकार आलाच तर तो तुमच्या हातात लेखी असेल आणि ऑर्डर संपायच्या आत वकिलाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला वेळ राहील, तिथे महिलांना मोफत वकील मिळतो. पोचेचा शिक्का घ्यायला स्वतः जिने चढू नका, घरच्या कुणाला तरी पाठवा.